हळद होईपर्यंत

पूर्णा, १६ फेब्रुवारी

प्रितेश,

पिशवीतली सुकट आधी उन्हात पसर, मग हे वाच. नामाच्या ट्रकमध्ये बंद राहून तिला ओल सुटली असेल. नामा आता आमच्या गोडाऊनचा माल घेऊन गांधीधामला येतो, तुझ्या लाकडाच्या वखारीवरूनच जातो म्हणे, म्हणून त्याच्या हाती देतेय. फोन का केला नाही म्हणून रुसू नकोस. माझा फोन दिवसभर मृणालीच्या हातात असतो, साड्या बघायला. आणि घरात बोलायचं तर तुझ्या दादांचे कान अजून तिखट आहेत. तुझं नाव या घरात निघालेलं त्यांना चालत नाही. मला चालतं. मी लग्न होऊन आले तेव्हा तू शेंबडा होतास, माझ्या पदराला नाक पुसायचास. मला कोण अडवणार?

आता बसून ऐक. गेलं वर्षभर गावात आम्ही सांगत आलो की दादांना गोडाऊनच्या धुळीची ॲलर्जी आहे. नामानेही तुला तेच सांगितलं असेल, कारण त्यालाही तेच माहीत आहे. ती ॲलर्जी नाही. फुप्फुसाचा कॅन्सर आहे, शेवटच्या स्टेजचा. कळला तेव्हाच शेवटच्या स्टेजचा होता.

मृणालीलाही माहीत नाही. मला, त्यांना आणि डॉक्टरांना. आता तुला.

मी त्यांना मुंबईला न्यायचे, तिथे सलाईनमधून औषध द्यायचे. इम्युनोथेरपी म्हणतात. आपल्याच अंगातली ताकद जागी करून तिला आजाराच्या अंगावर सोडायची, असं मला डॉक्टरीणबाईंनी समजावलं होतं. देवाशप्पथ सांगते, लागू पडलं होतं रे. खोकला गेला, वजन वाढलं, रविवारी मटण मागायला लागले. केसही गेले नाहीत, म्हणून कुणाला पत्ता लागला नाही. मी मूर्ख, मनात म्हणायला लागले होते की चुकीचा रिपोर्ट असेल.

परवा नवीन स्कॅन झाला. गाठ वाढलीय आणि लिव्हरवर डाग आलेत. डॉक्टरीणबाई वयाने आपल्या मृणालीपेक्षा फार मोठ्या नसतील, पण सरळ बोलतात. म्हणाल्या, या औषधाचा आता उपयोग राहिला नाही. मी विचारलं, मग आता काय? म्हणाल्या, केमो. बरं होण्यासाठी नाही, आजाराला थोडं अडवून धरण्यासाठी. काही महिने मिळू शकतात, ते बरे जाऊ शकतात. पण लगेच सुरू करायला हवी, अंगात ताकद आहे तोवरच ती झेपते. आणि केस जातील.

दादांनी परत येताना, माणकोलीच्या पुलावर आलो तेव्हा तोंड उघडलं. "पोरीची हलद होऊ दे. मंग बघू."

मृणालीचं वडपे गावच्या विशालशी ठरलंय, हे नामाने सांगितलं असेलच. मेच्या सुरुवातीला हळद. म्हणजे अजून अख्खा उन्हाळा जायचाय. मी गाडीतच भांडले. ते खिडकीबाहेर कंटेनर बघत बसले.

तू यायचं नाहीस. का ते पुढच्या खेपेला लिहिते, नामा हॉर्न वाजवतोय.

तुझी विनितावहिनी

पूर्णा, २ मार्च

प्रितेश,

"वहिनी, मी निघतो." एवढीच चिठ्ठी? शाळेत निबंधाला शून्य मिळायचं ते काही उगाच नाही.

निघू नकोस. आता कारण ऐक, आणि राग आला तर आला. तू एवढ्या वर्षांनी या दारात उभा राहिलास तर गाव काय म्हणेल? गाव म्हणेल, रामनाथचं काहीतरी बरंवाईट आहे, नाहीतर हा कशाला येतोय. दादा हेच म्हणाले. हो, मी तुझं नाव काढलं त्यांच्यापुढे. चिडले नाहीत. म्हणाले, "त्याला बोलावलंस तं डांगोरा पिटायला नको."

आणि त्यांना एवढी भीती का, ते तुझ्याशिवाय कुणाला कळणार? हळदीच्या आदल्या दिवशी तू पळालास. मांडव उभा होता. मुलीच्या बापापुढे हात जोडून उभं राहायला कोण गेलं? तुझे दादा गेले. त्या माणसाने यांना पाणीसुद्धा विचारलं नाही. त्या दिवसापासून ठरलेलं लग्न म्हणजे यांच्या लेखी काचेचं भांडं. मृणालीची सोयरीक वडप्याला, आणि ती तू टाकलेली मुलगीही वडप्याचीच, विशालच्या भावकीतली. आधीच त्यांनी मन मोठं करून या घरातली मुलगी घेतली. आता कळलं की बापाला कॅन्सर आहे, तर काय म्हणतील? घराण्यात रोग आहे, म्हणतील. हे त्यांचं म्हणणं. मी म्हणते, नाही म्हणणार. पण मी छातीठोक सांगू शकत नाही रे, तिथेच माझं घोडं अडतं.

मी एक डोकं चालवलं होतं. म्हटलं, अवो, आपण तिरुपतीला जाऊ. लग्न ठरलं म्हणून नवस फेडायला गेलो, असं सांगू. तुम्ही तिथे केस द्या आणि आलं की केमो घ्या. कुणाला काय कळतंय? दादा ऐकून एवढे हसले, एवढे हसले, की खोकल्याची उबळ आली. मग म्हणाले, "न भुवया? त्या पण देवाला दिल्या सांगशील?" मीही हसले. हसता हसता मला रडू आलं.

पण दुसऱ्या दिवशी मी परत विषय काढला तर हसणं नव्हतं. म्हणाले, मुलीच्या हळदीत बापाचं डोकं भादरलेलं? लोक विचारतील घरात कोण गेलं. "हलद हाय, मयत न्हाय." उठून गोडाऊनला निघून गेले.

तर तू येऊ नकोस. पत्र लिही. चार ओळींचं तरी लिही.

विनितावहिनी

पूर्णा, १८ मार्च

प्रितेश,

शिमगा झाला. दादा होळीला नारळ टाकायला स्वतः गेले. धूर लागला आणि मग सबंध रात्र बसून काढली, आडवं झालं की श्वास अडकतो. लोकांना सांगितलं, धुळीच्या ॲलर्जीत धूर चालत नाही. मला आता खोटं बोलायची इतकी सवय झालीय की भाजीवाल्यालाही दोन खोट्या गोष्टी सांगून येते.

मी त्यांना न सांगता एकटी डॉक्टरीणबाईंकडे गेले होते. माहेरी जाते म्हणून निघाले. त्यांनी मागे रक्त घेतलं होतं, त्यात एखादी खूण सापडली तर केमोऐवजी नुसत्या गोळ्या देता येतात म्हणे, केस न जाणाऱ्या. मी त्या रक्तासाठी काय काय बोलले असेन देवाला. काही सापडलं नाही. दुसऱ्या कुठल्या नवीन औषधाची चाचणी चालू आहे का तेही त्यांनी बघितलं. एक होती, पण त्यात बसण्यासाठी दर आठवड्याला तिथे जावं लागतं, आणि दर आठवड्याला गेलो तर गाव डोळे मिटून बसेल का?

मी त्यांना लग्नाचं सांगून टाकलं. त्या रागावल्या नाहीत. पेन खाली ठेवलं आणि विचारलं, "मग लग्न अलीकडे आणता येत नाही का?"

बघ, किती सोपं होतं! मला माझीच लाज वाटली, हे मला का सुचलं नाही. घरी येईपर्यंत मी आनंदात होते. चार माणसांत लग्न लावू, एप्रिलच्या आधी उरकू आणि दुसऱ्या दिवशी केमोला बसवू. दादांपुढे बोलले. त्यांनी पाण्याचा तांब्या तसाच हातात धरून माझ्याकडे बघितलं, मला वेड लागल्यासारखं. "मुलीकडचे घाई कधी करतात? पोरीचा पाय घसरला असंल तं, नायतर घरात काय दडवायचं असंल तं. दोन्हीतलं कंचं सांगू वडप्याला?"

 तुझ्याकडे याचं उत्तर आहे का? असेल तर पाठव.

तू पाठवलेली खजुराची पेटी त्यांनी खाल्ली. कुणाकडून आली ते मी बोलले नाही, त्यांनीही विचारलं नाही. पण रिकामा खोका फेकू दिला नाही, त्यावर तुझ्या वखारीचा शिक्का होता.

विनिता

पूर्णा, ९ एप्रिल

प्रितेश,

आज मला कुणाशी तरी भांडायचंय आणि तू लांब आहेस, म्हणून तुझ्याशी भांडते.

यांना आता स्टेरॉइडच्या गोळ्या चालू आहेत, दम कमी लागावा म्हणून. त्याने भूक लागते आणि तोंड सुजतं. गाल वर आलेत. तर गावातला जो तो म्हणतो, "शेठ, तब्येत झाली की! लग्न मानवलं!" आणि हे मिशीवरून हात फिरवतात. अरे, कपड्याखाली नुसत्या बरगड्या उरल्यात. लग्नाचा सफारी शिवायला टाकला तर शिंपी म्हणाला, मागच्या मापापेक्षा कंबर बरीच उतरलीय. हे म्हणाले, डायटिंग करतोय, मुलीच्या लग्नात हिरो दिसायला पाहिजे. शिंपी हसला. हेही हसले. मी तिथून बाहेर येऊन गाडीच्या मागे उभी राहिले.

परवा मी ताट आपटलं. म्हटलं, बस झालं, मी आत्ता वडप्याला जाते आणि जानकीबाईंना तोंडावर सांगते. जानकीबाई म्हणजे विशालची आई, आमची होणारी विहीण. म्हटलं, लग्न मोडायचं तर मोडू दे, आपली पोर काय रस्त्यावर पडलीय? मृणाली ऑफिसला गेली होती, नाहीतर सगळं ऐकलं असतं. दादा उठले, भिंतीला धरून धरून माझ्यापर्यंत आले आणि म्हणाले, "तुला पोरीची शपथ हाय. मी जिता हाय तवर कोनाला बोल्लीस तं."

मी काय करू आता? मला सांग ना तू, एवढा शिकलास. आपल्याकडे शपथ घातली की संपलं. माझी स्वतःची घातली असती तर मोडली असती. त्यांना ते माहीत आहे, म्हणून पोरीची घातली. लबाड माणूस.

मला कधी कधी त्यांचा इतका राग येतो, प्रितेश, की वाटतं, जा बाबा, तुला जायचंच आहे ना. आणि मग रात्रभर त्यांचा श्वास ऐकत पडते.

तुझाही राग येतो. तू त्या वेळी सरळ तोंडाने "मला करायचं नाही" म्हणाला असतास, वेळेत, मांडव पडायच्या आधी, तर हा माणूस आज एवढा घाबरट झाला नसता. लिहिलं, आता खोडणार नाही.

विनिता

पूर्णा, २९ एप्रिल

प्रितेश,

घाईत लिहितेय, दारात मांडववाले आलेत.

तुझं पत्र वाचलं. दोन पानं! "चूक माझी आहे, दादांना माझ्या वतीने सांग" असं लिहिलंस. मी सांगणार नाही. तुझं तोंड आहे ना, तूच सांग. पण लग्न होऊन जाऊ दे. मांडवात तुला बघून वडप्याच्या भावकीत कुणी तोंड उघडलं तर हे जागीच पडतील.

छातीत पाणी झालं होतं. मुंबईला जायला वेळ नव्हता, कामतघरच्या एका छोट्या हॉस्पिटलात सुईने काढलं. कामतघर बरं, तिथे सगळे लूमवाले, आपल्याला कुणी ओळखत नाही. शेजारी कापडाच्या लूमचा खडखडाट एवढा, की यांचं कण्हणंसुद्धा ऐकू आलं नाही. तिथूनच एक ऑक्सिजनचा सिलेंडर भाड्याने आणला. दुकानदाराने विचारलं, "किसके लिए, भाभी?" माझ्या तोंडून गेलं, "गोडाऊन में वेल्डिंग का काम है." तो बघतच राहिला. म्हणाला, "ये तो मरीज़वाला है." मग त्याने नळी आणि मास्क वेगळं पिशवीत घालून दिलं आणि म्हणाला, "अल्लाह शिफ़ा दे." पहिल्यांदा कुणीतरी परक्याने या आजारासाठी दुआ केली. मी रिक्षात तोंडावर पदर घेऊन रडले.

सिलेंडर गाडीच्या डिकीत आहे. हळदीच्या दिवशी गाडी मांडवाच्या मागे लावायची. नामाला सांगावं लागलं, नाइलाज होता, दादांनीच परवानगी दिली. तो माझ्या पाया पडला.

विनिता

पूर्णा, ८ मे

प्रितेश,

झालं. तुझी पुतणी सासरी गेली.

तुला सगळं सांगायचं वचन दिलंय म्हणून सांगते. हळदीला अख्खा गाव होता. धोंडूबाई धवलारीण आली, तीच जी आमच्या लग्नाला होती, आता तिला दिसत नाही. नातीचा हात धरून येते. धवले, आपली लग्नाची गाणी, म्हणायला बसली आणि आवाज तसाच, खणखणीत. तिचे दमदार सूर ऐकताना मी यांच्या छातीकडे बघत होते.

बेंजो सुरू झाल्यावर पोरांनी यांना नाचायला ओढलं. मला वाटलं, आता पडणार. पण नाचले रे. मृणालीच्या खांद्यावर हात टाकून दोन फेऱ्या नाचले, हळदीने तोंड पिवळं, मिशी पिवळी. मग "गोडाऊनचा फोन आलाय" म्हणत मांडवामागे गेले. मी पोचले तेव्हा नामाने त्यांना गाडीत बसवून नाकाला मास्क लावला होता. ओठ जांभळे. जरा रंग आला की मास्क काढायचे, तोंड पुसायचे आणि परत मांडवात जायचे. असं किती वेळा झालं ते मी मोजलं नाही. लोक म्हणत होते, शेठचं काम काही सुटत नाही.

लग्नाच्या दिवशी कन्यादानाला बसले तेव्हा खोकल्यातून रक्त आलं. रुमाल मी घेतला आणि कमरेला खोवला. शालू लालच होता. भटजींच्या लक्षात आलं नाही.

जानकीबाई फार चांगल्या वागल्या. सगळे उभे असताना यांना हाताला धरून खुर्चीवर बसवलं, म्हणाल्या, "रामनाथभाऊ, तुम्ही बसा, म्हणजे आम्हालाही बसता येईल." एवढा मान कोण देतं मुलीच्या बापाला? पाठवणीच्या वेळी मृणाली बापाच्या गळ्यात पडली ती सुटेचना. मी म्हटलं, अगं, वडपे काही लंडनला नाही. तेव्हा कुठे हसली.

घरी आल्यावर यांना उचलून आणावं लागलं. पण चेहरा असा होता, प्रितेश, तसा मी वर्षात बघितला नाही. मला म्हणाले, "वळखलं कोनी?" मी म्हटलं, नाही. म्हणाले, "कोनीच न्हाय?" म्हटलं, कुणीच नाही. मग झोपले.

तू मृणालीला पाठवलेली बांधणी तिने सासरी जाताना नेसली. कुणी दिली म्हणून विचारणाऱ्याला सांगत होती, माझ्या काकाने.

उद्या हॉस्पिटलात फोन करते. आता केमो. आता कुणाच्या बापाला भीत नाही मी.

विनितावहिनी

पूर्णा, १९ मे

प्रितेश,

केमो देणार नाहीत.

व्हीलचेअरवरून आत नेलं. डॉक्टरीणबाईंनी त्यांच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे. स्कॅन नंतर बघितला, आधी माणूसच बघितला. यांना बाहेर नेऊन बसवायला लावलं आणि मला म्हणाल्या, आता केमो दिली तर आजाराच्या आधी केमोच त्यांना नेईल. मी विचारलं, फेब्रुवारीत दिली असती तर? त्या म्हणाल्या, फेब्रुवारीतही बरे झाले नसते. मी म्हटलं, ते मला माहीत आहे, मी महिने विचारतेय.  त्या ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. त्यांनी माझ्या हातावर हात ठेवला, ते सहन झालं नाही.

दुखण्यासाठी मॉर्फिनचं औषध दिलंय. घरी ऑक्सिजनचं मशीन लावलंय, आता उघड. लग्न झालंय, आता दडवायचं कशासाठी, तरी गावाला यांनी सांगायला लावलंय की न्यूमोनिया झाला.

मी बाहेर आले तर हे विचारतात, केमो कधी? मी म्हटलं, जरा ताकद आली की. म्हणाले, बरं. आणि तेव्हापासून, प्रितेश, जेवतायत. घास गिळवत नाही, तरी गिळतात. काल भाताची पेज संपवून वाटी मला दाखवली, लहान पोरासारखी. "बघ. ताकद येते." त्यांना खरंच वाटतंय की हळद झाली, आता बघू. जे फेब्रुवारीत म्हणाले होते तेच करतायत.

मी आत जाऊन ओट्याशी उभी राहिले. नळ सोडला, आवाज बाहेर जाऊ नये म्हणून.

विनिता

पूर्णा, १ जून

प्रितेश,

हे पत्र पोचलं की निघ. नामा परत येईल त्याच्याच गाडीत बस. आता नको म्हणत नाही.

काल मृणाली आली होती, जानकीबाईंना घेऊन. हे गुंगीत होते. मृणाली त्यांच्या पायाशी बसली आणि मी जानकीबाईंना चहाला आत नेलं. मी माझं पाठ केलेलं सुरू केलं, न्यूमोनिया, वातावरण खराब, हॉस्पिटलवाले लुटतात. त्यांनी माझ्या हातातून साखरेचा डबा काढून घेतला आणि म्हणाल्या, "विहीणबाई, पुरे आता. दमाल."

त्यांना माहीत होतं. दिवाळीच्या आधीपासून. त्यांच्या जावेला स्तनाचा कॅन्सर झाला होता, तिची केमो त्याच हॉस्पिटलात चालू होती. जानकीबाई तिच्याबरोबर असायच्या. त्यांनी आम्हाला दोघांना सलाईनच्या वॉर्डात बसलेलं बघितलं होतं. म्हणाल्या, "तुम्ही पदर ओढून घेतलात, म्हणून मी ओळख दाखवली नाही." साखरपुडा त्यानंतर झाला, प्रितेश. माहीत असून केला. विशालला माहीत होतं. त्याने मृणालीला सांगितलं होतं, तीही गप्प राहिली, पप्पांना दडवायचंय तर दडवू दे म्हणून. सगळ्या मांडवात कितीजणांना माहीत होतं, ते मी विचारलं नाही. शेठ, तब्येत झाली की, म्हणणारे आता एकेक डोळ्यांपुढे येतात.

मी म्हटलं, बाई, मग एक शब्द बोलायचात! फेब्रुवारीत केमो थांबली होती हो या लग्नापायी! त्यांना ते माहीत नव्हतं. त्यांना वाटत होतं, औषध चालूच आहे. त्यांचा हात तोंडावर गेला. म्हणाल्या, "आमच्या घरी रोज निघायचा विषय. लग्न अलीकडे घेऊ, घरच्या घरी हळद लावू. पण मुलाकडच्यांनी लवकर करा म्हणायचं म्हणजे काय? तुम्ही म्हणाल, आमच्या माणसाचे दिवस मोजतायत. म्हटलं, त्यांनी विषय काढला की लगेच हो म्हणू." आम्ही वाट बघत होतो हळदीची, ते वाट बघत होते आमच्या बोलण्याची.

मग आम्ही दोघी ओट्यापाशी खाली बसलो. त्या माझ्यापेक्षा जास्त रडल्या. चहा उकळून उकळून आटला.

मी हे पत्र रागाने लिहायला बसले होते, पण राग कुणावर काढू? सगळे चांगलेच वागले रे. एक माणूस जरी वाईट असता, तोंडाळ असता, तरी वाचलो असतो, थोडे दिवस तरी.

दादांना यातलं काही सांगायचं नाही. मृणालीला बजावलंय, आता तुला बजावते. जाग आली की ते माझा हात धरतात आणि मला हळदीचं सांगतात, मी तिथे नव्हते अशा थाटात. कसे नाचले, कसं कुणाला कळलं नाही. त्यांच्या जिवाला तेवढंच आता गोड लागतं. मी हूं हूं करते.

औषधाचं आता विचारत नाहीत. परवा मात्र विचारलं, "गांधीधामला पाऊस पडला का?" मी म्हटलं, मला काय माहीत. ते म्हणाले, "तुला सगलं म्हाईत असतं."

तर ये. दारात रडायचं नाही. वाळलेत फार, बघून दचकायचं नाही. ते पहिल्यांदा विचारतील, तुला कोणी सांगितलं? तू सरळ त्यांच्याकडे बघ आणि म्हण, "काय सांगितलं, दादा? मी तर सहज आलो."

विनिता